भोर समिती, बेव्हरिज अहवाल आणि सिलोन : सार्वजनिक आरोग्यव्यवस्थांचा तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आजारी माणसाच्या उपचारांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न प्रत्येक समाजापुढे असतो. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक देशाने आपापल्या इतिहासानुसार दिलेले आहे. काही देशांत हा खर्च कामगार व मालक यांच्या वर्गणीतून भागविला जातो, काही देशांत सरकारी करांतून. आणि काही ठिकाणी रुग्णाच्या कुटुंबाला दागिने गहाण ठेवून, गुरे विकून किंवा सावकाराकडून कर्ज काढून तो भागवावा लागतो. आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांना यांपैकी तिसरी वाट अधिक परिचयाची आहे.

असे का झाले, या प्रश्नाला सर्वसाधारणपणे एक ठरावीक उत्तर दिले जाते. ब्रिटन श्रीमंत देश होता, म्हणून त्याला सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा परवडली. भारत गरीब होता, म्हणून त्याला ती परवडली नाही, असे हे उत्तर आहे. प्रस्तुत निबंधात हे उत्तर इतिहासाच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी १९४० चे दशक निवडले आहे. या दशकाच्या प्रारंभी ब्रिटन, भारत आणि सिलोन (आजचा श्रीलंका) हे तीनही प्रदेश एकाच साम्राज्याचे घटक होते. तिन्ही ठिकाणी आरोग्यसेवेच्या पुनर्रचनेचा विचार चालू होता आणि तिन्ही ठिकाणचे तत्त्वही बहुतांशी एकच होते. असे असूनही त्यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या.

पूर्वपीठिका : विम्याची वाट

आधुनिक काळात राज्यसंस्थेने आजारपणाच्या खर्चाची जबाबदारी कायद्याने प्रथम जर्मनीत उचलली. चॅन्सलर बिस्मार्क याच्या कारकिर्दीत १८८३ मध्ये आजारपणाच्या विम्याचा कायदा संमत झाला. त्यापूर्वी पाच वर्षे, म्हणजे १८७८ मध्ये, समाजवादी चळवळीवर बंदी घालण्यात आली होती. एका हाताने चळवळ दडपावयाची व दुसऱ्या हाताने कामगाराला राज्याशी बांधून घ्यावयाचे, असे हे धोरण होते. वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगार व एक तृतीयांश भाग मालक देत असे. आजारी कामगाराला उपचारांबरोबर तेरा आठवड्यांपर्यंत वेतनाचा काही भागही मिळे. प्रारंभी या योजनेत लोकसंख्येचा सुमारे दहा टक्के भागच समाविष्ट होता. शेतमजूर, गृहिणी व मुले बहुतांशी बाहेर होती.

ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा आणला, तो याच वळणाचा होता. कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यावयाचे, मालकाने तीन व सरकारने दोन, अशी विभागणी होती. विमा उतरविलेल्या कामगाराला डॉक्टर मिळे. त्याच्या पत्नीला व मुलांना मात्र मिळत नसे. विम्याच्या वाटेची मर्यादा येथे स्पष्ट होते. ज्याला नियमित वेतन आहे त्यालाच वर्गणी भरता येते, आणि जो वर्गणी भरतो त्यालाच सेवा मिळते. ज्या देशात बहुसंख्य लोक शेतीवर व रोजंदारीवर जगतात, त्या देशाला ही वाट कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न पुढे भारतात उपस्थित होणारच होता.

ब्रिटन : युद्धातून आलेली व्यवस्था

दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनमधील परिस्थिती बदलली. बॉम्बवर्षावातील जखमींसाठी सरकारने तातडीची वैद्यकीय सेवा उभारली. त्यामुळे धर्मादाय रुग्णालये व नगरपालिकांची रुग्णालये प्रथमच एका सूत्रात आली आणि अनेक रुग्णालयांची दैन्यावस्थाही उघड झाली. १९४२ च्या अखेरीस विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा व बेकारी या पाच शत्रूंविरुद्ध लढण्याचा कार्यक्रम त्यांनी मांडला. सर्वांसाठी आरोग्यसेवा हे त्यांनी आपल्या योजनेचे एक गृहीतच मानले होते.

१९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष मोठ्या बहुमताने सत्तेवर आला. वेल्समधील ट्रेडेगार या खाणकामगारांच्या गावातून पुढे आलेले अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाले. ट्रेडेगारमध्ये कामगारांच्या वर्गणीतून चालणारी वैद्यकीय साहाय्य संस्था होती आणि तिचा अनुभव बेव्हन यांच्या गाठीशी होता. १९४६ मध्ये कायदा झाला व ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,७०० रुग्णालये सरकारच्या ताब्यात आली. खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून करावयाचा व सेवा घेताना रुग्णाकडून काहीही घ्यावयाचे नाही, असे ठरले.

हे सहजासहजी घडले नाही. डॉक्टरांच्या संघटनेने अखेरच्या महिन्यांपर्यंत विरोध केला. बेव्हन यांना तडजोड करावी लागली. विशेषज्ञांना रुग्णालयात खासगी रुग्ण पाहण्याची मुभा देण्यात आली, आणि सर्वसाधारण डॉक्टरांना पगारी नोकर न करता यादीवरील रुग्णांच्या संख्येनुसार मोबदला देण्याचे मान्य झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९४८ चा ब्रिटन संपन्न नव्हता. युद्धाने तो कर्जबाजारी झाला होता आणि युद्धकाळात कधीही न लावलेले पावावरील नियंत्रण १९४६ ते १९४८ या काळात लागू होते. देशाची तिजोरी भरल्यावर मोफत आरोग्यसेवा देण्यात आली, असा क्रम इतिहासात आढळत नाही.

पुढे खर्च अपेक्षेपेक्षा वाढला. १९५१ मध्ये कवळ्या व चष्मे यांवर शुल्क आकारण्याचा निर्णय झाला, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढील वर्षी औषधांच्या चिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क आले. तत्त्वाला अशी मुरड पडली, तरी रुग्णालयाचे दार पैशासाठी कोणाला बंद झाले नाही.

भारत : भोर समितीचा आराखडा

ऑक्टोबर १९४३ मध्ये भारत सरकारने आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिक येथे जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेले सनदी अधिकारी होते. समितीने परदेशी तज्ज्ञांनाही पाचारण केले. सोव्हिएत रशियातील वैद्यकीय व्यवस्थेचे अभ्यासक हेन्री सिगेरिस्ट व इंग्लंडमधील सामाजिक वैद्यकाचे पुरस्कर्ते जॉन राइल हे त्यांपैकी होत. त्यापूर्वी काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने नेमलेल्या आरोग्य उपसमितीनेही या विषयाचा विचार केला होता. तिचे अध्यक्ष कर्नल साहिबसिंग सोखे हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा, अशी त्या उपसमितीची कल्पना होती.

भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील तुलनात्मक आकडे आजही वाचकाला अस्वस्थ करतात. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जिवंत जन्मांमागे १६२ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. इंग्लंड व वेल्समध्ये हे प्रमाण ५८ होते. जन्मसमयी अपेक्षित आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर ब्रिटनमध्ये हजार लोकांमागे एक. रुग्णालयातील खाटांचे प्रमाण येथे हजारी ०.२४ होते, तर इंग्लंड व वेल्समध्ये ७.१४.

या परिस्थितीवर समितीने सुचविलेला उपाय धाडसी होता. केवळ पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तिचे पहिले तत्त्व होते. बहुसंख्य जनता वर्गणी भरू शकणार नाही, म्हणून विम्याची वाट तिने बाजूला ठेवली व सेवेचा खर्च करांतून करण्याची शिफारस केली. दीर्घ मुदतीच्या योजनेत दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय असलेले प्राथमिक केंद्र, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम केंद्र व जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे रुग्णालय, अशी तीन स्तरांची रचना होती. अल्प मुदतीत चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र सुचविले होते. सरकारी डॉक्टरांनी खासगी व्यवसाय करू नये, असेही समितीचे मत होते.

बेव्हरिज आणि भोर यांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले असता तत्त्वाच्या बाबतीत भारतीय समिती कोठेही मागे नव्हती, असेच म्हणावे लागते. किंबहुना रोगप्रतिबंध व उपचार यांची सांगड घालण्यात आणि खेड्याला व्यवस्थेचा पाया मानण्यात ती पुढे होती.

सिलोन : मताधिकारातून आलेली व्यवस्था

सिलोनमध्ये बेव्हरिज किंवा भोर यांच्या तोडीचा गाजलेला अहवाल आढळत नाही. तेथील व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी राहिली. १९२६ मध्ये कळुतरा येथे पहिले आरोग्य केंद्र सुरू झाले. ठरावीक क्षेत्रातील प्रत्येक गर्भवती व अर्भक यांची नोंद ठेवणे, सुईणीने घरी जाऊन पाहणी करणे व साथींवर लक्ष ठेवणे, हे त्याचे काम होते.

१९३१ मध्ये डोनमोर संविधानानुसार सिलोनमधील स्त्री-पुरुषांना प्रौढ मताधिकार मिळाला. आशियातील वसाहतींत ही गोष्ट अपूर्व होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३४-३५ मध्ये, हिवतापाची भयंकर साथ आली. तीत सुमारे ८०,००० माणसे मृत्युमुखी पडली व १९३५ साली अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी २६३ पर्यंत गेले. मतदारांना उत्तर देणे भाग असलेल्या प्रतिनिधींना या आपत्तीकडे पाठ फिरविता आली नाही. आपल्या मतदारसंघात दवाखाना वा ग्रामीण रुग्णालय व्हावे, ही मागणी राजकारणाचा नित्याचा भाग बनली. परिणामी रुग्णालये लहान राहिली. पण ती खेड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आली.

१९५० पर्यंत अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ८२ पर्यंत उतरले. मातामृत्यूचे प्रमाण १९३० च्या दशकाच्या प्रारंभी दर लाख जिवंत जन्मांमागे दोन हजारांच्या घरात होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पाचशेच्या खाली आले व आज ते पन्नासच्या आत आहे. यात प्रशिक्षित सुईणीचा वाटा फार मोठा आहे. १९७१ मध्ये सरकारी दवाखान्यात २५ सेंटचे शुल्क बसविण्यात आले होते. १९७७ मध्ये तेही रद्द झाले.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांतील भारतीय वंशाच्या बहुसंख्य तमिळ मजुरांचे नागरिकत्व व त्यापाठोपाठ मताधिकार गेला. पुढील काही दशके देशातील इतर भागांत अर्भकमृत्यू घटत असताना मळ्यांतील प्रमाण मात्र राष्ट्रीय सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक राहिले. मळ्यांची मालकी खासगी कंपन्यांकडे असणे हेही त्याचे एक कारण होते. तथापि ज्यांचे मत गेले त्यांच्या दारी आरोग्यसेवा उशिरा पोहोचली, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

भारतात आराखड्याचे काय झाले ?

भोर समितीचा अहवाल आला तेव्हा भारतात प्रौढ मताधिकार नव्हता. पुढील वर्षी फाळणी झाली. लक्षावधी निर्वासित, अन्नटंचाई व संस्थानांचे विलीनीकरण या प्रश्नांनी शासनाला घेरले. आरोग्य हा विषय प्रांतांकडे व पुढे राज्यघटनेनुसार राज्यांकडे राहिला. उत्पन्नाची मोठी साधने मात्र केंद्राकडे होती. लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने न्यायालयामार्फत बजावता येण्याजोगे नव्हते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. मात्र ती एका विकास गटामागे एक अशी होती. एका गटात साधारणतः शंभर गावे व साठ ते सत्तर हजार लोकवस्ती असे. म्हणजे समितीने दीर्घ मुदतीसाठी सुचविलेले ७५ खाटांचे रुग्णालय दूरच राहिले. अल्प मुदतीचे चाळीस हजारांचे प्रमाणही गाठले गेले नाही. पहिल्या पंचवार्षिक योजनेत आरोग्यासाठी एकूण तरतुदीच्या सुमारे ३.३ टक्के रक्कम होती. पुढील योजनांत हा वाटा घटत गेला.

अहवालातील सर्वच शिफारशी मागे पडल्या असे नाही. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली, ती याच समितीची सूचना होती. तीन-चार वर्षांचे लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून देशभर एकच पदवी ठेवावी, ही सूचनाही अमलात आली. समितीतील काही सदस्यांनी या सूचनेला असहमती दर्शविली होती. त्या वेळच्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लायसेन्शिएट होते. मुंबई इलाख्यातील जुन्या पिढीला परिचित असलेले ‘एल.सी.पी.एस.’ डॉक्टर याच वर्गातील होत. समितीचा हेतू उच्च दर्जाचा डॉक्टर खेड्यात पाठविण्याचा होता. प्रत्यक्षात खेड्यातील केंद्रे अपुरी राहिली व पदवीधर शहरात राहिले. १९६० च्या दशकापासून त्यांतील अनेक जण ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत गेले. एका गरीब देशाच्या करदात्याने शिकविलेल्या डॉक्टरांनी एका संपन्न देशाची मोफत सेवा चालविली, हा या दोन इतिहासांना जोडणारा विलक्षण दुवा होय.

दुसरीकडे साधनसामग्री रोगनिहाय मोहिमांकडे वळली. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. पण १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. फवारणी थांबल्यावर रोगावर नजर ठेवणारी कायमस्वरूपी सेवा खेड्यात नसणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. कायम सेवा असलेल्या सिलोनमध्येही १९६८ मध्ये हिवताप उलटला होता. तथापि त्या देशाने प्रयत्न चालू ठेवले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले.

संघटित कामगारांसाठी १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला व केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये स्वतंत्र योजना आली. ज्यांचा आवाज शासनापर्यंत पोहोचत होता, त्यांची सोय अशी स्वतंत्रपणे लागली. शेतमजूर, कारागीर व असंघटित कामगार मात्र अपुऱ्या सरकारी केंद्रांवर व खासगी डॉक्टरांवर अवलंबून राहिले.

तुलनात्मक विवेचन

उपरोक्त तपशिलावरून तीन मुद्दे निष्पन्न होतात. पहिला मुद्दा साधनांचा. सिलोन हा श्रीमंत देश नव्हता व १९४८ चा ब्रिटनही अडचणीत होता. त्यामुळे दारिद्र्य हे भारतातील अपयशाचे एकमेव कारण मानता येत नाही. सिलोन हे लहान व दाट वस्तीचे बेट आहे, तेथे साक्षरता अधिक होती व शिधावाटपाची व्यवस्था होती, हे खरे; म्हणून ही तुलना जपूनच केली पाहिजे. परंतु भारतातही केरळसारख्या राज्याने मर्यादित उत्पन्नात वेगळा मार्ग चोखाळला. २०१८-२० या काळात भारतात मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे ९७ होते, तेव्हा केरळात ते १९ व महाराष्ट्रात ३३ होते.

दुसरा मुद्दा रुग्णालयांच्या मालकीचा व जागेचा. ब्रिटनने रुग्णालये ताब्यात घेतली, सिलोनने ती खेड्याजवळ बांधली. भारताने खासगी व्यवसायाला हात लावला नाही व सरकारी खाटाही पुरेशा वाढविल्या नाहीत. आज भारतात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण खासगी रुग्णालयात जातात. श्रीलंकेतही लोक औषधांवर व बाह्यरुग्ण सेवेवर स्वतःचा बराच खर्च करतात. पण खाटेवर पडण्याची वेळ येते तेव्हा बहुसंख्य रुग्ण सरकारी रुग्णालयातच जातात. कुटुंबाला कर्जात लोटणारा मोठा खर्च तेथे त्यामुळे टळतो.

तिसरा मुद्दा लोकमताच्या रेट्याचा. ब्रिटनमध्ये १९४५ च्या मतदाराने आणि सिलोनमध्ये १९३१ नंतरच्या मतदाराने आरोग्यसेवा हा मतपेटीचा विषय केला. भारतात अहवाल आधी आला, मताधिकार नंतर आला. आणि मताधिकार आल्यावरही रस्ता, पाणी, धान्य यांच्या रांगेत दवाखाना बराच मागे उभा राहिला. तज्ज्ञांच्या समितीने लिहिलेल्या तत्त्वामागे ते मागून घेणारा समाज उभा नसेल, तर ते तत्त्व ग्रंथालयात राहते.

समारोप

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलत असल्याच्या खुणा दिसतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग असल्याचे सांगितले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन ‘आशा’ कार्यकर्ती गावात आली. हजार लोकांमागे एक कार्यकर्ता ही सोखे उपसमितीची कल्पना अशी सहा दशकांनंतर प्रत्यक्षात उतरली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. तथापि त्या वर्षी सरकारचा आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता, तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

येथे इतिहासाचा एक इशारा लक्षात ठेवावयास हवा. विम्याचे कार्ड हे रुग्णालयाचा पर्याय होऊ शकत नाही. ज्या तालुक्यात शस्त्रक्रिया करणारे रुग्णालयच नाही, तेथे पाच लाखांचे संरक्षण असूनही बाळंतिणीला जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. भोर समितीने विम्याऐवजी खेड्याजवळच्या खाटेचा आग्रह धरला, त्यामागे हेच कारण होते. नाशिकच्या मातीत जन्मलेल्या एका अध्यक्षाच्या समितीने १९४६ मध्ये घालून दिलेले तत्त्व आजही जुने झालेले नाही. ते पूर्णपणे अमलात यावयाचे असेल, तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे काय, औषध आहे काय आणि खाट आहे काय, हे प्रश्न मतदाराने आपल्या प्रतिनिधीला सातत्याने विचारले पाहिजेत. ब्रिटन व सिलोन यांच्या इतिहासातून भारताने घ्यावयाचा धडा हाच आहे.